अक्कांच्या गाडीची चाकं

माझ्या सासऱ्यांच्या, म्हणजे आबांच्या, डोक्यात एखादी गोष्ट शिरली की ती बाहेर काढणं कुणाच्या बापाला जमायचं नाही. त्या उन्हाळ्यात त्यांच्या डोक्यात टायर शिरले होते. साधेसुधे नव्हेत. चिखलातून, दगडधोंड्यांतून जाणाऱ्या लष्करी ट्रकचे, माझ्या कमरेपर्यंत येणारे, बोट घातलं तर अर्धं आत जाईल एवढ्या खोल नक्षीचे. वरणगावकडच्या एका भंगारवाल्याकडून त्यांनी ते दोन टायर आणि त्यांच्या लोखंडी डिस्का आणल्या. आणि हे सगळं बसवायचं होतं आमच्या बैलगाडीला.

मी धुळ्याची. जळगावजवळच्या असोद्याला लग्न होऊन मला तेव्हा चारेक वर्षं झाली होती, तरी तोंडातून ‘आहे’च्या जागी आमचं अहिराणी ‘शे’ निघालं की सगळं घर हसायचं. मी पण गप्प बसणाऱ्यातली नाही. टायर अंगणात पडले तशी मी म्हणाले, “आबा, आता बैलांच्या जागी हत्ती बांधा.” आबांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. आतून अक्का मात्र खुदकन हसल्या, आणि अक्का हसल्या की माझा दिवस चांगला जायचा.

अक्का म्हणजे माझ्या सासूबाई. न्हाणीत पाय घसरून पडल्या, तेव्हापासून त्यांची कंबर धड राहिली नव्हती. घरातल्या घरात भिंत धरून चालायच्या. पण गाडीत बसणं त्यांना जमत नव्हतं. लोखंडी धावेचं चाक एका दगडावर चढलं की त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी जातात. नातवंडं झाली तरी जातात. अक्कांचं माहेर तापीच्या बाजूला, मधला सगळा रस्ता काळ्या रानातला, एस.टी. तिकडे फिरकत नसे. दोन आखाज्या अक्का गेल्या नव्हत्या. त्यातल्या दुसऱ्या वेळी निघाल्या होत्या, पण शीव ओलांडायच्या आतच पदर तोंडात धरून “मागे फिरवा” म्हणाल्या. तिकडे त्यांची आई होती. ऐंशीच्या पुढची, हाडांचा सापळा झालेली. ती पुढच्या आखाजीला असेल की नाही, हा विचार आमच्या घरात सगळ्यांच्या मनात होता आणि कुणीच बोलत नव्हतं. आबा तर मुळीच नाही. त्यांनी टायर आणले.

आमचे हे जळगावला डाळमिलमध्ये कामाला होते. ते तिथल्या ट्रकवाल्यांच्या ओळखीनं एक मिस्त्री घेऊन आले. मिस्त्री तोंडात पान धरूनच बोलायचा आणि आपण केवढाल्या गाड्यांचे टायर चढवलेत हे येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचा. आबांनी आयुष्यभर लाकडी चाकांवर लोखंडी धावा चढवून घेतल्या होत्या. धाव चढवायची म्हणजे भोवती गोवऱ्या रचून ती लालबुंद करायची, चाकावर ठोकायची आणि वरून पाणी मारायचं, की ती आवळून बसते. त्यामुळे त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो हा की, गोवऱ्या किती लागतील? मिस्त्री पान गिळता गिळता राहिला. “आबा, हे रबर आहे. पेटवलंत तर जळगावपर्यंत वास जाईल.”

पण आबा हटेनात. उष्णता पाहिजेच, म्हणाले. शेवटी मांडवली झाली ती उन्हावर. वर्षानुवर्षं कुठल्याशा गोदामात पडून टायर लाकडासारखे कडक झाले होते. ते सकाळपासून दुपारपर्यंत अंगणात उन्हात तापवले. आणि गंमत म्हणजे ते खरंच जरा नरमले. आबा मिशीवरून हात फिरवत हिंडत होते. अक्कांनी ओट्यावर बसूनच मला हळदीकुंकू आणायला लावलं. मी एकेका टायरला पाच बोटं लावली. काळ्या रबरावर हळद फार शोभत नव्हती, पण अक्कांनी समाधानानं हात जोडले.

मग मिस्त्रीनं आतल्या ट्यूबला शंखजिरं फासलं, कडांना साबणाचं पाणी लावलं आणि लांब पहारीसारख्या टाम्या घेऊन तो टायरवर उभाच राहिला. एक कड आत जायची तर दुसरी बाहेर यायची. आमचे हे, दोन गडी आणि आबा, सगळे त्या टायरवर नाचत होते. शेवटी डिस्केच्या कडेला एक लोखंडी रिंग घणानं ठोकून बसवायची होती. तेव्हा मात्र मिस्त्रीचं बोलणं थांबलं. हवा भरताना ही रिंग उडाली तर समोरच्या माणसाचं डोकं राहत नाही, एवढंच त्यानं सांगितलं. त्यानं चाकाला साखळीचे वेढे घातले, रिंग जमिनीकडे केली आणि आम्हा बायकांना घरात पिटाळलं. ट्रकवाल्यांचा मोठा हातपंप होता, माणसं आळीपाळीनं तो मारत होती. मिस्त्री “पुरे” म्हणाला, आबा “आजून” म्हणाले. पंप आबांनी मागून ठेवून घेतला आणि मिस्त्री गेल्यावरही ते सकाळ-संध्याकाळ तो मारत राहिले. मुठीनं टायर ठोकायचे आणि टणक आवाज आला की खूश व्हायचे.

लोहारानं दोन्ही चाकांमधला आख करून दिला, चाकं चढली, बैल जुंपले. गाडी एवढी उंच झाली की अक्कांना चढवायला ती ओट्याला लावावी लागली. फेरी मारून बघायला निघालो, गादीवर अक्का आणि शेजारी मी. गल्लीच्या टोकाला पहिला दगड लागला आणि आम्ही दोघी बसल्या जागेवरून उडालो. लोखंडी चाक निदान आपटून थांबायचं, हे चेंडूसारखं पुन्हा पुन्हा उसळत होतं. अक्कांनी डोळे मिटून कंबर दाबून धरली. घरी येऊन भिंत धरून चुलीपाशी गेल्या आणि म्हणाल्या, “माझ्या आईले निरोप धाडा. यंदा बी जमत नाही.”

मला असा संताप आला. मी तशीच बाहेर आले आणि टायर अंगठ्यानं दाबून दाखवला. “आबा, हा दगड शे. लोखंडाचं चाक काढलंत आणि दगडाचं लावलंत. हवा सोडा.” सुनेनं सासऱ्याशी असं बोलायचे दिवस नव्हते ते, पण बोलले. आबा माझ्याकडे न बघता म्हणाले, “बसक्या चाकानं सासरवाडीले जाऊ? लोक म्हनतीन, जावयाची गाडी पंक्चर.” पासष्टीचा माणूस, पण सासरवाडीच्या वेशीतून ताठ मानेनं शिरायची हौस काही फिटली नव्हती. मी कपाळावर हात मारला आणि भाकरी थापायला बसले.

आखाजीच्या आदल्या सकाळी फुस्स असा आवाज आला म्हणून मी दारात आले. आबा चाकापाशी उकिडवे बसले होते, काडीनं हवा सोडत होते. मग ते स्वतः गाडीत चढले आणि अक्कांच्या गादीवर अक्का निजतात तसे कुशीवर निजले. उशाशी पाण्यानं काठोकाठ भरलेला लोटा. आमच्या यांनी गाडी गल्लीतल्या दगडांवरून नेली. पाणी सांडलं. आबा उतरले, आणखी हवा सोडली, लोटा भरला, पुन्हा निजले. असं किती वेळ चाललं होतं कोण जाणे. ओट्यावरून अख्खी गल्ली बघत होती आणि आबांना त्याचं काही नव्हतं. शेवटी टायर खाली चांगले पसरले, गाडी डुलत गेली आणि लोट्यातलं पाणी नुसतं हललं. मला हसू येत होतं आणि रडूही. मी आत जाऊन अक्कांची नऊवारी काढून ठेवली.

दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो. चाकं बसकी, त्यामुळे बैलांना ओढायला जड, म्हणून आबा चढावर स्वतः उतरून चालायचे. अक्का आधी दांडी घट्ट धरून होत्या. मग हात सैल पडला. मग मान माझ्या मांडीवर आली. दोन वर्षांत मी त्यांना इतकं शांत निजलेलं पाहिलं नव्हतं.

अक्कांच्या माहेरच्या वेशीतच आखाजीचे झोके बांधले होते, पोरी झुलत होत्या. आमचं ते ध्यान पाहून सगळे गोळा झाले. अक्कांचे भाऊ पुढे आले, चाकांकडे बघून हसले. “पाव्हनं, इतल्या मोठ्या चाकातली हवा कुठी सांडली? थांबा, पंप आनतो.” माणसं खोखो हसायला लागली. मी आबांकडे बघितलं. त्यांनी बैलांची वेसण धरली होती.

“पंप नको,” ते म्हणाले. “मीच काढली हवा. तिले लागतं.” आणि मग भावाला गाडीकडे येताना पाहून हात आडवा केला. “उठवू नका. झोपेल हाये ती.”

चारचौघांत, तेही सासरवाडीत, बायकोबद्दल एवढं बोललेला पुरुष मी तोवर पाहिला नव्हता. हसणं आपोआप थांबलं. कुणीतरी आत सांगितलं असावं, कारण अक्कांची आई नातीचा हात धरून बाहेर आली. आबांनी चटकन टोपी सारखी केली. म्हातारीनं टाचा उंचावून बघितलं, पण गाडी उंच, तिला लेक दिसेना. मी म्हणाले, “आजी, उठवते.” तिनं नको म्हणून मान हलवली. मग ती हळूच खाली बसली, त्या मोठ्या चाकाला पाठ टेकली आणि लेक जागी होईपर्यंत तिथेच सावलीत बसून राहिली.