धुरपदाबाईचा मोडलेला हात

येरमाळ्याजवळच्या एका गावात धुरपदाबाई विधवा झाली आणि पाच एकर रान तिच्याकडं आलं. दीर लिंबाजीच्या डोळ्यांत ते सलत होतं. १९४४ च्या उन्हाळ्यात तो बांध कोरायला आला, तेव्हा ती आडवी आली. त्यानं कुऱ्हाड उलटी धरली आणि तुंब्यानं, म्हणजे पात्यामागच्या बोथट बाजूनं, दोन तडाखे हाणले. एक पाठीत बसला, दुसरा तिनं वर केलेल्या उजव्या हातावर. हाड मोडलं.

कळंबच्या मुन्सफानं लिंबाजीला दोन वर्षं ठोकली. तेव्हापासून सासू मथुराबाई तिला बघून थुंकायची. "माझ्या लेकाला तुरुंगात घातलंस, रांडे!"

"हात माझा मोडलाय. तुमी गप बसा," ती म्हणायची.

लिंबाजीनं उस्मानाबादच्या निजामी अदालतीत अपील केलं. धुरपदाबाई सगळं परत सांगायच्या तयारीनं गेली, पण तिला कुणी काही विचारलंच नाही. आधीच्या जबान्यांचे उर्दू कागद तेवढे वाचले गेले. शेजारी बसलेला अदालतीतला कारकून शांतलिंग तिला हळूच मराठीत सांगत होता. लिंबाजीचा वकील म्हणाला, "बाई म्हणते कुऱ्हाडीनं मारलं, पण डॉक्टरच्या दाखल्यात कापल्याची एक जखम नाही. ती विहिरीच्या पायऱ्यांवरून पडली. सासूनं पाहिलंय."

धुरपदाबाई ताडकन उठली. "म्या तुंबा म्हणलं हुतं! लिहिणाऱ्यानं निस्ती कुऱ्हाड लिहिली!"

शिपायानं दरडावून तिला खाली बसवलं. जज्जानं मान वर केली नाही. त्यानं कागदांतून डॉक्टरची आधीची जबानी काढली: मार बोथट, जड वस्तूचा, कुऱ्हाडीच्या मागच्या बाजूचाही असू शकतो, नुसतं पडून पाठीवर आणि हातावर असे दोन लांबट वळ उठत नाहीत. साक्षीदार महांतप्पा कडब्याच्या गंजीआड होता. त्यानं तडाखा पाहिला नव्हता, पण कुऱ्हाड घेऊन पळणारा लिंबाजी पाहिला होता. जज्जानं तेवढंच धरलं. सासूची साक्ष मात्र बाजूला टाकली. त्या दिवशी आपण तुळजापूरला होतो, हे कळंबच्या उलटतपासणीत तिच्याच तोंडून निघालं होतं.

गुन्हा कायम राहिला. पण धार असताना त्यानं बोथट बाजू वापरली, म्हणून दोनाचं एक वर्ष झालं.

"जिंकलात, बाई," शांतलिंग म्हणाला.

"कसलं जिंकले? माझाच तुंबा त्याच्या कामी आला की."

आवारात मथुराबाई आडवी आली. "वर्षात येतोय त्यो. मग बघ."

"येऊ द्या. बांधाला हात लावला तर परत हितंच आणते."

पुढच्या मृगाआधी तिनं मोजणीदार बोलावून बांधावर दगड रोवले. हात वाकडाच सांधला होता. पेरणी तिनं डाव्या हातानं केली.