पारगावच्या पुलावर दिलेलं चाक

आमच्या भागात उसाचा हंगाम आणि सायकल शर्यतींचा हंगाम बरोबरच चालतात. दिवाळी झाली की दोन्ही सुरू होतात आणि ऊन तापायला लागलं की दोन्ही संपतात. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस माझा धाकटा भाऊ इथल्या रस्त्यांवर पगारी सायकलपटू म्हणून एक हंगाम खेळला. एकच.

शिरूरजवळ नव्याने आलेल्या एका कारखान्याने सहा जणांची टीम उभी केली होती. सकाळी मशिनवर काम, दुपारी सराव, सायकल कंपनीची. सहाही जण तात्पुरते होते. साहेबांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं होतं की हंगामातल्या शेवटच्या मोठ्या शर्यतीत जो पहिल्या दहांत येईल तो कायम होईल, बाकीच्यांचं काम गुढीपाडव्याला संपेल. आमच्या घरात तोवर कायम नोकरी कुणालाच नव्हती. मी पतसंस्थेत हिशेब लिहायचो, तेही वर्षाच्या बोलीवर. त्यामुळे 'पहिले दहा' हा आकडा घरात सगळ्यांच्या तोंडी बसला होता, आईच्यासुद्धा.

टीमच्या सरावाखेरीज संध्याकाळी मी त्याच्यापुढं स्कूटर चालवायचो. पुढच्या वाहनाच्या आडोशाला वारा लागत नाही, म्हणून एरवी झेपणार नाही तो वेग पायांना सवयीचा होतो. पतसंस्था सुटली की आम्ही न्हावऱ्याच्या रस्त्याला लागायचो. तो स्कूटरच्या मागच्या चाकाला चिकटून येई आणि ओरडे, "वाढव!" दम लागला की, "बास बास, दादा, मारतो का काय!" उसाच्या ट्रॉल्या ओलांडताना मला पुढं बघावं लागायचं. त्याला सायकल चालवताना मी तसं कधी पाहिलंच नाही. आरशात हेल्मेट हलायचं, तेवढंच.

टीमचा कॅप्टन त्याच्याहून सहा-सात वर्षांनी मोठा होता. शेवटच्या चढाला त्याला तोड नव्हती. बाकीच्यांनी आळीपाळीने पुढं होऊन वारा अंगावर घ्यायचा आणि त्याला ताजा ठेवायचा, अशी वाटणी. वडिलांना हे काही पटायचं नाही.

"मंग तुझं काय त्यात?" त्यांनी एकदा जेवताना विचारलं.

"त्याला पुढं न्यायचं, आबा. त्योच आपला नंबर काढनार."

"म्हंजी हमालीच की."

"व्हय. पन चाकावरची."

कॅप्टन त्या दिवशी आमच्याकडंच जेवायला होता. त्याचे आजोबा मेंढरं घेऊन गावोगाव फिरायचे. घोड नदीच्या काठी शेती त्याच्या वडिलांनी केली. तो हसून म्हणाला, "आबा, आमची तर पिढीजात रस्त्यावरची मानसं. म्या शेतात टिकलो न्हाई, म्हनून सायकल धरली." मग भावाकडं बोट करून म्हणाला, "पन ह्यो गडी टिकंल. ह्याचं पाय माझ्यापरीस बरं हाईत. सांगू नका त्याला."

"ऐकतोय की म्या," भाऊ म्हणाला.

हंगामाच्या सुरुवातीला भाऊ कधी विसाच्या आत, कधी बाहेर असायचा. पौष गेला तसा तो वर सरकू लागला. एका शर्यतीत बारावा आला, पुढच्यात आठवा. आईने त्या दिवशी शिरा केला.

शेवटची शर्यत शिरूरहून चौफुला, पाटस करत दौंडला आणि त्याच वाटेने परत अशी होती. मी पाण्याच्या बाटल्या घेऊन पारगावला भीमेच्या पुलाशी थांबलो. परतीला तिथून शिरूर चाळीसेक किलोमीटर राहतं. मोटरसायकलवाला शिट्टी मारत गेला आणि पाठोपाठ पहिला घोळका आला. मी मोजला. नऊ जण होते. त्यात कॅप्टन होता आणि माझा भाऊ होता. मागे रस्ता लांबवर मोकळा दिसत होता. माझ्या मनात हिशेब झाला आणि मी मोठ्याने ओरडलो, काय ओरडलो ते आठवत नाही.

पूल संपतो तिथं कॅप्टनचं पुढचं चाक फुटलं.

कॅप्टनने हात वर करायच्या आत भावाने ब्रेक दाबले होते. सुटी चाकं घेऊन येणारा कंपनीचा टेम्पो कुठं दिसत नव्हता. चौफुल्याच्या अलीकडं उसाची ट्रॉली आडवी झाली होती, हे आम्हाला मागून कळलं. भावाने सायकल उलटी केली, स्वतःचं पुढचं चाक काढलं आणि कॅप्टनच्या सायकलीत बसवलं. मी अगदी जवळ उभा होतो.

कॅप्टन म्हणाला, "अरं, तुझं कायम व्हायचं ऱ्हाईल की रं."

"बोलत काय बसलाय? निघा!"

त्याने पाठीला हात लावून कॅप्टनला ढकललं. काही अंतर त्याच्यामागं पळालासुद्धा. मग परत येऊन कठड्यावर बसला, फुटलेलं चाक मांडीवर घेऊन. मी बाटली दिली. तो प्यायला. दुसरा घोळका आला आणि गेला. मी दहापर्यंत मोजलं आणि मोजणं सोडून दिलं.

टेम्पो आला, चाक बसलं, टेम्पो कॅप्टनच्या मागं निघून गेला. रस्त्यावर आम्ही दोघंच उरलो. समोरून वारा होता. मी स्कूटर त्याच्यापुढं घेतली.

"लाग मागं. न्हावऱ्यापर्यंत पोचवतो. कुणी बघत नाही."

सायकलीवर चढता चढता तो म्हणाला, "आज न्हाई, दादा. आज तू मागं ऱ्हा."

मी मागे राहिलो. पाठीवर बनियन चिकटलं होतं आणि त्यावर मिठाचे पांढरे डाग होते. मला वाटायचं त्यापेक्षा तो अंगाने बारीक होता. मान खाली घालून तो त्या वाऱ्यात घुसत होता, खड्डे चुकवत होता, आणि एकदाही त्याने वळून पाहिलं नाही. दमून मागे पडलेले तीन-चार जण त्याने वाटेत गाठले. प्रत्येक वेळी मला वाटलं, अजून जमेल. न्हावऱ्याच्या पुढं कुणी दिसेनासं झालं.

कॅप्टन दुसरा आला. माझा भाऊ सोळावा.

आठवड्याने कॅप्टन पेढे घेऊन घरी आला. त्याला कायम केल्याचं पत्र मिळालं होतं. पुडा हातातच धरून तो वडिलांसमोर बसला. म्हणाला, "आबा, म्या सायबाला जाऊन सांगितलं, ह्यानं चाक दिलं नसतं तर म्या आलोच नसतो. सायेब म्हनले, मला आकडा दिसतो, चाक दिसत न्हाई. सोळा म्हंजी सोळा." भावाने पुडा सोडला, एक पेढा तोंडात टाकला आणि एक कॅप्टनच्या हातावर ठेवला. "खावा की. तुमचाच हाय." कॅप्टनने तो तसाच मुठीत धरून ठेवला.

मी हिशेब करणारा माणूस आहे. साहेबांचा आकडा चूक होता असं मला आजही म्हणता येत नाही, आणि बरोबर होता असंही म्हणवत नाही.

पाडव्याला भावाने सायकल धुऊन कंपनीत जमा केली. पुढं तो चाकणकडं ठेकेदाराच्या हाताखाली लागला. बारा तासांची पाळी, सुट्टीच्या दिवशी एसटीने घरी.

पुढच्या दिवाळीनंतरची गोष्ट. रविवार होता, आम्ही जेवायला बसलो होतो. बाहेर घंटी वाजली. कारखान्याची टीम सरावाला निघाली होती, चार चेहरे नवे. कॅप्टन एक पाय जमिनीला टेकवून उभा होता. भाऊ हात न धुताच बाहेर गेला.

"कुठवर आज?" त्याने विचारलं.

"पारगाव."

"या जाऊन. वारं हाय पुढं."

ते गेले. वळणापलीकडं दिसेनासे झाले तरी तो दारातच होता. मग आत आला आणि ताटावर बसला. आई म्हणाली, "भाकरी गार झाली, दुसरी देते."

"असू दे," तो म्हणाला, आणि तीच संपवली.