पगारी मूर्च्छा

शिंपीणबाईंनी उभ्या जन्मात कुणाला इंजेक्शन दिलं नव्हतं. सुई त्यांना कापडापुरतीच ठाऊक. तरी रोज दुपारी, स्वतःच शिवलेला नर्सचा पांढरा गणवेश चढवून त्या थिएटरच्या दाराशी स्ट्रेचर घेऊन बसत. आत एक जुना भयपट नव्याने लागला होता. मोठमोठे पुरस्कार मिळालेला. पुरस्कार परीक्षकांनी दिले होते; घाबरणारं माणूस मात्र मालकाला पगारी ठेवावं लागलं.

ती घेरीबाई. पडद्यावर तळघराचं दार उघडलं की ती किंचाळून खुर्चीतून कोसळायची. शिंपीणबाई धावत जायच्या, नाडी धरायच्या, दोन पोऱ्यांकरवी तिला स्ट्रेचरवरून बाहेर काढायच्या. बाहेर दोघींचा चहा.

"हळू आपट गं, एखादे दिवशी कंबर मोडेल."

"तुम्ही आहात की, सिस्टर!" आणि दोघी खो खो हसायच्या.

त्या दिवशी पडद्यावर नुसती नावं सरकत होती, तोच ती खाली घसरली. किंकाळी नाही, काही नाही. शिंपीणबाई चडफडतच आत गेल्या.

"अगं, एवढ्यात कुठे? तळघर लांब आहे अजून," त्या तिच्या कानात पुटपुटल्या.

ओठ निळे पडलेले. शिंपीणबाई ताडकन उठल्या.

"डॉक्टर! कुणी डॉक्टर आहे का?"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या जितक्या ओरडल्या, तितक्या शिट्ट्या वाढल्या. "पिक्चरपेक्षा ही बाई भारी!" मागून कुणीतरी म्हणालं. दारात मालक खुशीत मान डोलावत होता.

मग त्यांनी डोक्यावरची टोपी ओढून भिरकावली. "मेल्यांनो, मी नर्स नाही! कपडे शिवते मी! आणि ही खरंच मरतेय!"

टाळ्या जागच्या जागी थिजल्या. मघापासून सगळ्यांत मोठ्याने हसणारा गृहस्थ पांढराफटक होऊन उठला. तो डॉक्टर निघाला. मालकाला अँब्युलन्ससाठी पिटाळून त्याने गुडघे टेकले आणि छाती दाबायला घेतली. दाबत राहिला. अख्खं थिएटर श्वास धरून.

"आला, श्वास आला. नावाने हाका मारा हिला. नाव काय?"

शिंपीणबाईंनी तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. तिच्या नवऱ्याचा दमा ठाऊक, सुनेचा फटकळपणा ठाऊक, तिला चहात साखर किती तेही ठाऊक. नाव विचारायचंच राहून गेलं होतं. त्यांनी फोन करून परतलेल्या मालकाकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली.

"अगं ए!" त्या हंबरडा फोडून ओरडल्या, "कोण असशील ती ऊठ!"

तिची पापणी हलली.