अकराचं ऊन

घर विकायला काढल्यापासून मला आमच्याच घराचा संशय येऊ लागलाय. वर्षानुवर्षं ठिबकणारा नळ एका सकाळी गप्प झाला. ओल आलेल्या भिंतीपुढे कपाट सरकलं. ही मंडळी काहीतरी लपवताहेत असं वाटावं, आणि ती मंडळी म्हणजे आम्हीच.

आज घर बघायला एक जोडपं येणार होतं. "त्यांना अकरालाच बोलाव," मी बायकोला बजावलं. आमच्या हॉलमध्ये ऊन येतं ते अकरा ते साडेअकरा, एवढंच. मग समोरच्या इमारतीची सावली पडते आणि दिवसाही दिवा लावावा लागतो.

ते आले तेव्हा ऊन सोफ्यावर ऐसपैस बसलं होतं. "किती छान उजेड आहे हो!" त्यातली बाई म्हणाली. हे घर पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझी बायकोही हेच म्हणाली होती. आधीच्या मालकांनी आम्हालाही अकरालाच बोलावलं होतं. माणूस वेळेचा पक्का आहे, असं त्यांचं कौतुक करत आम्ही परतलो होतो.

चपला घालता घालता त्या बाईंनी विचारलं, "संध्याकाळी पुन्हा एकदा येऊन गेलो तर चालेल?"

"या की," मी म्हणालो. मग दार लावून बायकोकडे वळलो.

"फार संशयी दिसते गं ही बाई."