पाडव्याला उघडायचा मॉनिटर

२०२१च्या सुरुवातीला शाळा बंद, ऑफिस घरून, आणि पाच किलोमीटरच्या पुढे जायला बंदी. आम्ही तेव्हा परदेशात, स्वोर्ड्स नावाच्या गावात राहायचो. विमानतळ शेजारी असूनही आकाश गप्प होतं. त्या दिवसांत रोज साडेपाचला माझी तेरा वर्षांची मुलगी माझ्या खोलीत खुर्ची ओढून बसायची आणि आम्ही कॉम्प्युटरवर गाड्यांची शर्यत खेळायचो. एरवी ती माझ्याशी बोलायची ती बसस्टॉपवर सोडायला सांगण्यापुरती. त्यामुळे हा एक तास मला फार आवडायला लागला होता. तो बंद पडू नये, एवढंच मला हवं होतं.

अडचण होती जुन्या मॉनिटरची. माझी पाळी आली की ती शेजारून ओरडायची, "ब्रेक, बाबा, ब्रेक!" मी तो कधीच आपणहून वेळेवर दाबला नाही. तिचं म्हणणं, चित्र अडखळतं म्हणून वळण उशिरा दिसतं. माझी तक्रार वेगळीच, मला झाडं पुसट दिसायची.

नवा मॉनिटर घ्यायचं ठरलं आणि माझं डोकं चक्रावलं. रेझोल्यूशन जास्त घेतलं तर झाडाचं पान न् पान दिसणार. फ्रेम रेट जास्त घेतला, म्हणजे सेकंदाला जास्त चित्रं, तर गाडी न अडखळता पळणार. दोन्ही एकदम पेलायची ताकद आमच्या कॉम्प्युटरात नव्हती. मी एक्सेल शीट केली. पुण्याच्या कॉलेजमित्रांच्या ग्रुपवर विचारलं, तर तिथे दोन तट पडले आणि शेवटी भांडण राजकारणावर गेलं. सोमवारी मला रेझोल्यूशन पटायचं, बुधवारी फ्रेम रेट. तुलनेचे व्हिडिओ तर किती बघितले! हा फरक आपण त्याच जुन्या मॉनिटरवर शोधतोय, हे लक्षात यायला पंधरवडा गेला.

"माझ्याशी लग्नाला अर्ध्या तासात हो म्हणाला होतास," बायको म्हणाली.

मुलीने केव्हाच हात टेकले होते, तिला आता कुठलाही चालणार होता. "इदर इज ग्रँड, बाबा. जस्ट पिक वन."

मार्च संपता संपता मी एकदाचा जास्त फ्रेम रेटवाला मागवला, म्हणजे तिच्या बाजूने कौल दिला. खोकं आलं त्याच दिवशी नागपूरहून आईचा व्हिडिओ कॉल. "पाडवा पंधरा दिवसांवर आलाय रे, नवी वस्तू पाडव्यालाच काढ." मी लगेच ऐकलं. खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं, निवड चुकली की काय हे इतक्यात कळणार नव्हतं. खोकं कपाटावर गेलं. मुलगी रोज त्याच्याकडे बघून विचारायची, "टुडे?"

"पाडव्याला."

पाडव्याच्या आदल्या दिवशी तिची शाळा सुरू झाली.

पाडव्याला सकाळी गुढी उभारली, मॉनिटरला हळदकुंकू लावलं. साडेपाचला मी सगळं चालू करून बसलो. तिने दारातूनच पाहिलं. "लुक्स क्लास, बाबा," म्हणाली, आणि मैत्रीण बाहेर थांबलीय म्हणून पळाली. तिचं काहीच चुकलं नव्हतं, डिसेंबरपासून घरात कोंडलेली पोर. पण मला वाईट वाटलं ते वाटलंच. पंधरा दिवस ते खोकं तिथे होतं आणि ती रोज विचारत होती.

मी एकट्याने शर्यत लावली. चित्र सुरेख पळत होतं, निदान तसं वाटलं. झाडं पुसट होती की नव्हती, आता आठवत नाही. पहिलं वळण चांगलं लांबूनच दिसलं, आणि मी सवयीने तिच्या ओरडण्याची वाट बघत सरळ भिंतीत गेलो.