सातव्या गाण्याचा शेवट

इकबाल शेवट न ऐकताच गेला.

आज त्याचा स्मृतिदिन. पण रडगाणं लावणार नाही. मी आज जाम खूश आहे, आणि का ते सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही.

ओळखत नसाल तर: इकबाल म्हणजे मलकापुरातला गादीवाला. माझा जिगरी. मी मोताळ्याचा, बियाण्याच्या दुकानात कामाला. माल घ्यायला मलकापूरला गेलो की अर्धा दिवस त्याच्याकडे मुक्काम.

त्यांच्या दुकानाचा एक नियम होता. जुनी गादी उसवली की आत कधी नोट निघायची, कधी कानातलं. इकबालचे वडील, आमचे रहीमचाचा, एकच सांगायचे. "गादीत निघालं ते मालकाचं. वापस करा."

एकदा रेल्वे क्वार्टरमधून आलेल्या गादीत एक सीडी निघाली. कव्हर नाही, नाव नाही. इकबाल इमानदारीत परत द्यायला गेला, तर साहेबांची बदली झालेली.

"मालक येत नाई तोवर आपल्यापाशी अमानत," इकबाल म्हणाला. "पन अमानत चालू हाये का बंद, हे त पाहा लागन ना बे!"

लावली.

आधी नुसता वारा. लांब कुठंतरी घंटा. मग व्हायोलिन, कोरस, सगळं एकदम भव्य. आम्ही जरा टेकून बसलो, आणि पुढच्या क्षणी ड्रम असे कोसळले की कापसावर झोपलेली मांजर थेट रस्त्यावर. वरून एक माणूस घसा फाडून किंचाळतोय.

चाचा आतून धावत आले. "या मानसाले काय तकलीफ हाये?"

"त्याले बी सांगता येत नाई, अब्बा. म्हनून त ओरडून राह्यला."

याला सिम्फॉनिक ब्लॅक मेटल म्हणतात, हे फार नंतर कळलं. आमच्यासाठी ती 'गादीवाली सीडी'.

वेड लागलं हो आम्हाला! गाण्यांची नावं माहीत नव्हती, तर इकबालनं ठेवली. दुसरं 'मालगाडी', कारण ड्रम थेट स्टेशनातून न थांबता जायचे. चौथं नुसत्या पियानोचं, ते 'जुम्मा', कारण त्या दिवशी दुकान बंद.

आणि गिटार?

"अबे विन्या, आयक! हे त धुनकी हाये!"

धुनकी म्हणजे कापूस पिंजायची मोठी कमान. चाचा तरुणपणी तिच्यावर पिंजायचे. मशीन आल्यापासून ती भिंतीवर टांगलेली. तिची तार ठोकली की जी थरथर उठते, तीच या गिटारमध्ये आहे असं त्याचं म्हणणं. मी हसलो. मग पुन्हा ऐकलं.

खरंच होती यार!

ती बीटी कापसाची वर्षं. पेरणीच्या आधी आमच्या दुकानापुढे पाकिटांसाठी रांग. आणि हिवाळ्यात तीच माणसं किडलेली बोंडं घेऊन यायची. भांडायची नाहीत. बोंड काउंटरवर ठेवायची आणि माझ्याकडे बघायची. काही जण पुढच्या हंगामाला आलेच नाहीत.

ते चेहरे घेऊन मला घरी जाववत नसे. मी इकबालकडे जायचो. मग तो सीडीतला माणूस आमच्या अख्ख्या तालुक्याच्या वतीनं ओरडायचा. छाती मोकळी व्हायची.

"ही सीडी बोंडअळीच्या उलटी हाये," इकबाल म्हणायचा. "वरून सडकी वाटते. फोडलं का अंदर साजरी."

या अल्बमचा याहून भारी रिव्ह्यू मी अजून वाचलेला नाही.

फक्त एक पंचाईत होती. सातवं गाणं, शेवटचं. कोरस चढत चढत जातो, आता काहीतरी अफाट होणार, आणि नेमका तिथंच स्क्रॅच. टक टक टक. टूथपेस्ट लावून पुसली, फुंकून पाहिली. नाही म्हणजे नाही.

मग पैज लागली. मी म्हणायचो, शेवटी ड्रमचा दणका असणार.

"नाई बे. सगळं थांबते. मंग एकच व्हायोलिन राह्यते. असं." आणि तो ते गुणगुणायचा. स्वतःच्याच मनाचं.

हरणाऱ्यानं कचोरी द्यायची.

मग एका सकाळी शटर उघडताना इकबालचं हार्ट थांबलं. पैज तशीच राहिली.

मागच्या आठवड्यात जेवताना फोनवर काहीतरी चालू होतं. ते संपलं आणि पुढचं आपोआप सुरू झालं.

वारा. लांब कुठंतरी घंटा.

घास हातातच राहिला. अख्खा अल्बम! सातवं गाणं पूर्ण! पण पुढं ऐकलं नाही. एकट्यानं ऐकणं बेइमानी झाली असती.

आज मलकापूरला, दुकानात चाचांच्या शेजारी बसून लावला. फुल आवाजात. 'मालगाडी' गेली. 'जुम्मा' आला, चाचांनी डोळे मिटले. सातव्यात कोरस चढायला लागला तसा मी चाचांचा हात धरला. स्क्रॅचची जागा आली.

आणि गेली!

काय सांगू! सगळी वाद्यं एकदम उघडली. मी उठून उभा राहिलो, काहीतरी ओरडलो, शेजारचा टेलर बघायला आला.

मग आवाज हळूहळू कमी होत गेला. संपलं.

दणका नाही. व्हायोलिनही नाही. कचोरी कोणालाच नाही.

"झालं?" चाचांनी विचारलं.

"झालं, चाचा."

"नाई. इकबाल याच्या पुढचं म्हने. टाके घालता घालता रोज गुनगुने."

चाचा स्टुलावर चढले. भिंतीवरची धुनकी काढली, बाहीनं धूळ पुसली. तार छेडली, कान लावला, पुन्हा छेडली. आणि तार दाबत, सोडत एकेक करून इकबालचे तेच स्वर शोधून काढले. अडखळत, पण तेच.

सगळं थांबलेलं आणि एकच तार.

व्हिडिओ मागू नका, काढलेला नाही. मी रडत होतो.

पैज तू जिंकलास, इकबाल. बँडला जमलं नाही, ती त्यांची चूक. कचोरी तुझ्या शिलाई मशीनवर ठेवून आलोय.

आणि तुझ्याच दुकानाचा नियम आहे, निघालं ते मालकाचं. हा शेवट तुझा आहे. वापस करतोय.

फुल आवाजात श्रद्धांजली, दोस्ता.