धरा नाकं
नागोठणं मागे टाकून गाडी रोह्याकडे निघाली की थोड्या वेळाने केमिकल कंपन्यांचा तो वास येतो, उग्र, घशात बसणारा, आणि मला अजून संताप येतो तो माझ्या नवऱ्याचा. आमचं घर पेणला, माझं माहेर रोह्याला. मुलं लहान असताना दर खेपेला वास आला की नवरा काचा वर करायचा आणि म्हणायचा, "धरा नाकं, मामाचं गाव आलं." मागे दोघं मुलगे नाकं दाबून खिदळायचे. मी चिडले की म्हणायचा, "गंमत गं." एका रविवारी आम्ही पोचलो तेव्हा माझे वडील कंपनीतली सकाळची शिफ्ट करून आले होते. नातू येणार म्हणून आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे होते. त्यांनी धाकट्याला उचललं, तसं त्याने नाक धरलं. "आजोबा, तुमच्या अंगाला पण तोच वास येतो." नवरा हसला. वडिलांनी पोराला अलगद खाली ठेवलं. "व्हय रे बाबा, येतो खरा. थांब, परत आंघोळ करून येतो." न्हाणीघरातून बराच वेळ तांब्या-बादलीचा आवाज येत राहिला. नवरा चहा पीत म्हणाला, "पोरं आहेत, एवढं काय मनाला लावून घ्यायचं." मी त्याच्या हातातला कप काढून घेतला. आता गाडी मी चालवते. वास सुरू झाला की चारही काचा खाली करते. शेजारी बसलेला नवरा त्याच्या बाजूचं बटण दाबत राहतो. काचांचं लॉक माझ्या हाताशी आहे.